समलिंगी विवाह : महाराष्ट्रातील जनमत आणि धार्मिक आक्षेप

समलिंगी विवाह म्हणजे एकाच लिंगाच्या दोन प्रौढ व्यक्तींनी परस्पर संमतीने केलेला, कायद्याने मान्य असलेला किंवा मान्यतेची अपेक्षा ठेवून केलेला विवाह. भारतात अशा विवाहास कायदेशीर मान्यता नाही. समलैंगिक संबंध मात्र ६ सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा राहिलेले नाहीत. या दोन स्थितींमधील अंतर हाच भारतातील, आणि त्यातही महाराष्ट्रातील, सार्वजनिक चर्चेचा गाभा आहे. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील जनमत, निरनिराळ्या धर्मपरंपरांतून घेतले जाणारे आक्षेप आणि ठाणे व कल्याण-डोंबिवली या शहरी पट्ट्यात या प्रश्नाला येणारे व्यावहारिक रूप यांचा आढावा घेतला आहे.

शब्द आणि व्याप्ती

मराठीत 'समलिंगी', 'समलैंगिक' आणि 'तृतीयपंथी' हे शब्द पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जातात. त्यातून चर्चेत बराच घोळ होतो. समलैंगिकता हा आकर्षणाचा प्रश्न आहे, तर तृतीयपंथी किंवा पारलिंगी ओळख हा स्वतःच्या लिंगभावाचा प्रश्न आहे. कायद्याच्या दृष्टीनेही दोहोंची स्थिती भिन्न आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख दिली. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हिंदू विवाह कायद्यातील 'वधू' या शब्दात पारलिंगी स्त्रीचाही समावेश होतो, असा निर्णय दिला. दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना असा कोणताही मार्ग उपलब्ध नाही.

लोकव्यवहारातही हा भेद विचित्र रीतीने दिसतो. लग्नघरी वा बारशाला येऊन आशीर्वाद देणाऱ्या तृतीयपंथीयांना रिकाम्या हाताने परत पाठवणे अशुभ मानले जाते. दुसऱ्याच्या संसाराला शुभ चिंतण्याचा अधिकार समाजाने त्यांना दिला, पण स्वतःच्या संसाराचा दिला नाही. ठाण्यात वाढलेल्या आणि 'अस्तित्व' या संस्थेच्या संस्थापक असलेल्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' या मराठी आत्मकथनाला (२०१२, शब्दांकन वैशाली रोडे) मोठा वाचकवर्ग लाभला. पुढे उज्जैनच्या २०१६ च्या सिंहस्थात किन्नर आखाड्याच्या प्रमुख म्हणूनही त्या लोकांसमोर आल्या. तृतीयपंथीयांना मिळालेला हा धार्मिक सन्मान समलिंगी जोडप्यांच्या वाट्याला आपोआप येत नाही.

कायद्याची पार्श्वभूमी

भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ हे १८६० साली, इंग्रजी अमदानीत आले. 'निसर्गक्रमाविरुद्ध' शरीरसंबंध हा त्यात दंडनीय गुन्हा होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी नाझ फाउंडेशनच्या याचिकेवर प्रौढांमधील संमतीच्या संबंधांपुरते हे कलम घटनाबाह्य ठरवले. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत सुरेश कुमार कौशल हे ज्योतिषी होते, अखिल भारतीय मुस्लिम व्यक्तिगत कायदा मंडळ होते आणि ख्रिस्ती संघटनाही होत्या. अन्य प्रश्नांवर क्वचितच एका बाजूला उभ्या राहणाऱ्या धार्मिक संस्था या प्रश्नावर एकत्र आल्या, ही गोष्ट त्या वेळी अनेकांच्या नजरेत भरली. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नवतेजसिंग जोहर खटल्यात २०१८ मध्ये तो अंतिमतः रद्द केला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या कलमाला स्थान नाही.

विवाहाच्या हक्काची मुख्य याचिका सुप्रियो चक्रवर्ती व त्यांच्या जोडीदाराची होती. तिच्याबरोबर इतर अनेक याचिकांची सुनावणी १८ एप्रिल ते ११ मे २०२३ या काळात दहा दिवस झाली. याचिकाकर्त्यांनी विचारपूर्वक हिंदू विवाह कायद्याऐवजी १९५४ च्या विशेष विवाह कायद्यावर भर दिला. हा कायदा धर्मनिरपेक्ष नोंदणी विवाहाचा आहे. त्यामुळे व्यक्तिगत कायद्यांना, म्हणजेच धर्माला, हात न लावता निर्णय होऊ शकेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयानेही आरंभीच व्यक्तिगत कायद्यांत शिरणार नसल्याचे स्पष्ट केले. परंतु विशेष विवाह कायद्यात पुरुषाचे वय २१ आणि स्त्रीचे १८ अशी अट आहे, शिवाय वारसाहक्काच्या तरतुदी पुन्हा व्यक्तिगत कायद्यांशी जोडलेल्या आहेत. एक धागा ओढला की सारे वस्त्र उसवते, हे सुनावणीत वारंवार दिसून आले.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्या. संजय किशन कौल, न्या. रवींद्र भट, न्या. हिमा कोहली आणि न्या. पी. एस. नरसिंह यांच्या पीठाने निकाल दिला. विवाह हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि विशेष विवाह कायद्याचा अर्थ न्यायालयाने बदलणे योग्य नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत होते. मतभेद झाला तो विवाहाहून निराळ्या अशा 'नागरी सहबंधा'वर. चंद्रचूड व कौल यांनी तो हक्क मान्य केला, उरलेल्या तिघांनी नाकारला. दत्तकाबाबतही हीच विभागणी राहिली. भिन्नलिंगी संबंधात असलेल्या पारलिंगी व्यक्तींना प्रचलित कायद्यानुसार विवाह करता येतो, हे मात्र सर्वांनी मान्य केले. पुनर्विलोकन याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळण्यात आल्या.

जनमताचे मोजमाप

या प्रश्नावर 'लोकांना काय वाटते' याविषयी दोन्ही बाजूंनी ठाम विधाने केली जातात. त्यांतील सर्वांत धाडसी विधान भारतीय विधिज्ञ परिषदेचे होते. २३ एप्रिल २०२३ च्या ठरावात परिषदेने देशातील ९९.९ टक्क्यांहून अधिक लोक समलिंगी विवाहाच्या विरोधात असल्याचे म्हटले. या आकड्यामागे कोणतीही पाहणी दाखवण्यात आली नाही. केंद्र सरकारने ही मागणी 'शहरी अभिजनांची' असल्याचा मुद्दा मांडला, तोही आकडेवारीशिवायच.

प्रत्यक्ष पाहण्यांचे चित्र याहून गुंतागुंतीचे आहे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२३ साली भारतात केलेल्या पाहणीत ५३ टक्के लोकांनी समलिंगी विवाहाच्या कायदेशीर मान्यतेस अनुकूलता दर्शवली, तर ४३ टक्क्यांनी विरोध केला. त्याच मालिकेत जपानमध्ये अनुकूल प्रमाण ६८ टक्के होते आणि इंडोनेशियात अवघे ५ टक्के. याच केंद्राने पूर्वी 'समाजाने समलैंगिकता स्वीकारावी काय' असा निराळा प्रश्न विचारला होता. त्याला होकार देणाऱ्या भारतीयांचे प्रमाण २०१४ च्या सुमारास १५ टक्के होते, ते २०१९ मध्ये ३७ टक्के झाले. दोन्ही प्रश्न भिन्न असल्यामुळे ३७ वरून ५३ अशी सरळ रेषा ओढणे योग्य ठरणार नाही. तत्त्व म्हणून कायद्याला हरकत नसणे आणि आपल्या घरात ते घडल्यास स्वीकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पाहणीतील प्रश्नावलीला पहिलीच मोजता येते.

राज्यांची भूमिका विचारली असता राजस्थान, आंध्र प्रदेश आणि आसाम यांनी विरोध कळवला. महाराष्ट्राने उत्तर प्रदेश, मणिपूर व सिक्कीम यांच्याप्रमाणे अधिक विचारविनिमयासाठी वेळ मागितला. पुरोगामी म्हणवणाऱ्या राज्याने घेतलेली ही भूमिका सावध होती. तिच्यावर टीका झाली, तसेच निदान विरोध तरी नोंदवला नाही म्हणून समाधानही व्यक्त झाले. भारतीय मनोविकारतज्ज्ञ संघटनेने एप्रिल २०२३ मध्ये समलैंगिकता हा आजार नसल्याचे पुन्हा सांगून विवाह, दत्तक व वारसा यांबाबत समान वागणुकीची बाजू घेतली. 'स्वीकार' या पालकांच्या गटातील चारशेहून अधिक आई-वडिलांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहून आपल्या मुलांची लग्ने आपल्या हयातीत कायदेशीर झालेली पाहावयाची इच्छा कळवली. 'कुटुंबसंस्थेवर आघात' हा आक्षेप ज्या पिढीच्या नावाने घेतला जातो, त्याच पिढीतील हे पत्रलेखक होते.

धार्मिक आक्षेप

हिंदू परंपरा

हिंदू बाजूने घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा : विवाह हा करार नसून संस्कार आहे. सोळा संस्कारांपैकी तो एक असून त्याचे प्रयोजन धर्म, प्रजा आणि रती असे त्रिविध सांगितले आहे. प्रजोत्पादनाशिवाय पितृऋण फिटत नाही, कन्यादान व सप्तपदी यांना वर आणि वधू दोघेही लागतात, म्हणून समलिंगी विवाह ही संज्ञाच परस्परविरोधी ठरते. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे तत्कालीन सरकार्यवाह दत्तात्रेय होसबळे यांनी मार्च २०२३ मध्ये हरयाणातील समालखा येथे हीच भूमिका थोडक्यात मांडली. विवाह हा संस्कार असून तो स्त्री व पुरुष यांच्यातच होतो, असे त्यांचे म्हणणे होते. अखिल भारतीय संत समितीनेही न्यायालयात विरोध नोंदवला. त्याच वर्षी जानेवारीत सरसंघचालक मोहन भागवत यांनी जरासंधाचे सेनापती हंस व डिंभक यांच्या कथेचा दाखला दिला होता. असे लोक समाजात पूर्वीपासून आहेत, त्यांना आपला खाजगी अवकाश मिळाला पाहिजे, असे ते म्हणाले होते. दोन्ही विधाने एकत्र वाचली की व्यक्तीला स्वीकार आणि विवाहाला नकार हे या विचारप्रवाहाचे धोरण स्पष्ट होते.

ग्रंथांचा आधार पाहू गेल्यास चित्र एकरंगी नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पुरुषाने पुरुषाशी केलेल्या संबंधाची गणना जातिभ्रंशकर दोषांत केली आहे, मात्र त्याच अध्यायात अशा संबंधासाठी सचैल, म्हणजे वस्त्रांसह, स्नान एवढेच प्रायश्चित्तही सांगितले आहे. आठव्या अध्यायात कन्येशी स्त्रीने केलेल्या कृत्यास कठोर दंड आहे, पण तेथे मुख्य चिंता कौमार्यभंगाची दिसते. वात्स्यायनाच्या कामसूत्रात 'तृतीया प्रकृती'ची चर्चा आहे. पुराणांत इल-सुद्युम्नाचे लिंगपरिवर्तन आणि विष्णूचे मोहिनीरूप येते, महाभारतात शिखंडी आहे. या कथांचा उल्लेख समर्थक नेहमी करतात. परंतु त्यांतील बहुतेक कथा लिंगबदलाच्या आहेत, समलिंगी विवाहाच्या नव्हेत, ही मर्यादा सांगितली पाहिजे. धर्मशास्त्रे या प्रकारच्या विवाहास मान्यता देत नाहीत आणि त्याचा स्वतंत्र निषेधही करीत नाहीत. त्यांच्यापुढे हा प्रश्नच उभा राहिला नव्हता.

आधुनिक काळात परंपरेच्या आतूनच निराळे उत्तर देणारेही निघाले. गणितज्ञ म्हणून ख्यातनाम असलेल्या शकुंतलादेवी यांच्या १९७७ च्या समलैंगिकतेवरील इंग्रजी पुस्तकात श्रीरंगम येथील वैष्णव पंडित श्रीनिवास राघवाचारियार यांची मुलाखत आहे. अशी जोडपी पूर्वजन्मी स्त्री-पुरुष असावीत, लिंग बदलले तरी आत्म्यांची ओढ टिकून राहते, असे मत त्यांनी व्यक्त केले. आत्म्यास लिंग नसते, हे वेदान्ताचे सूत्र येथे विवाहाच्या बाजूने वापरले गेले. रूथ वनिता यांनी 'लव्हज राइट' (२००५) या ग्रंथात समलिंगी जोडप्यांनी मंदिरांत वा घरी केलेल्या अनेक भारतीय विवाहांची चर्चा केली आहे. विधी करावयास कोणी पुरोहित तयार झाला, तर कोणी नाही. हिंदू धर्मात एक सर्वोच्च पीठ नसल्याने पुरोहिताचा होकार व नकार दोन्ही धर्माच्याच नावाने देता येतात.

इस्लाम

इस्लाममध्ये निकाह हा संस्कार नसून करार आहे. तेव्हा 'संस्कार' हा आक्षेप येथे लागू होत नाही. येथील विरोध अधिक थेट आहे. कुराणातील लूत या प्रेषिताच्या कथेचा पारंपरिक अर्थ समलैंगिक कृत्यांच्या निषेधाचा लावला जातो, आणि निकाहाच्या करारात पती, पत्नी व मेहर हे घटक ठरलेले आहेत. जमियत उलमा-ए-हिंद या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात हस्तक्षेप अर्ज करून याचिकांना विरोध केला. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी, मुंब्रा व कल्याण येथील मोठ्या मुस्लिम वस्तीत बहुसंख्य धर्मशिक्षकांची भूमिका याच पारंपरिक अर्थाशी जुळणारी आहे. लूतच्या कथेत निषेध बळजबरीचा व पाहुण्यांच्या अवमानाचा आहे, असा अर्थ लावणारे मुस्लिम अभ्यासक जगात आहेत, परंतु भारतीय उलेमांमध्ये त्यांना फारसे स्थान मिळालेले नाही.

ख्रिस्ती धर्म

ठाणे हे मुंबईच्या कॅथलिक महाधर्मप्रांतात येते. सायरो-मलबार परंपरेच्या कॅथलिकांचा धर्मप्रांत तर कल्याणच्याच नावाने १९८८ पासून ओळखला जातो. कॅथलिक चर्चच्या मते विवाह हे सात संस्कारांपैकी एक असून तो स्त्री-पुरुषांतच होतो. मात्र गुन्हा आणि पाप यांत चर्च फरक करते. २०१३ च्या निकालानंतर मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशियस यांनी, चर्चने समलैंगिक व्यक्तींना कधी गुन्हेगार मानलेले नाही, पण चर्च समलिंगी विवाहाच्या विरोधात आहे, असे स्पष्ट केले होते. भारतातील धर्मनेत्यांच्या विधानांत हे विधान विशेष लक्षणीय मानावे लागेल. त्या वेळी कलम ३७७ टिकावे म्हणून खटाटोप करणाऱ्यांत इतर ख्रिस्ती संघटनाही होत्या. १८ डिसेंबर २०२३ रोजी व्हॅटिकनने प्रसृत केलेल्या घोषणापत्राने समलिंगी जोडप्यांना धर्मगुरूंनी अनौपचारिक आशीर्वाद देण्यास अनुमती दिली, पण तो विवाहविधीसारखा दिसू नये, अशी अटही घातली.

इतर परंपरा

अकाल तख्ताच्या जथेदारांनी जानेवारी २००५ मध्ये, कॅनडातील विधेयकाच्या पार्श्वभूमीवर, गुरुद्वाऱ्यांत समलिंगी विवाह न लावण्याचे आदेश दिले.

बौद्ध परंपरेत विवाह हा धार्मिक संस्कार मानलेला नाही. विवाह हा लौकिक व्यवहार आहे. महाराष्ट्रातील बौद्ध समाजात विवाह बुद्ध व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या प्रतिमांसमोर त्रिशरण-पंचशील घेऊन साधेपणाने लागतो. त्यामुळे तत्त्वतः येथे शास्त्रीय अडसर सर्वांत कमी आहे. विरोध असतो तो नात्यागोत्याचा आणि प्रतिष्ठेचा, आणि तो इतर समाजांपेक्षा कमी असतो असे समजण्याचे कारण नाही.

विवाहसुधारणेचा महाराष्ट्रातील इतिहास

आज घेतले जाणारे अनेक आक्षेप महाराष्ट्राने पूर्वी निराळ्या संदर्भात ऐकलेले आहेत. २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाने ब्राह्मण पुरोहिताविना पहिला विवाह लावला, तेव्हा त्याला विवाह म्हणावे काय हाच वाद झाला. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता. तरीही धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. कायदा होऊन सदतीस वर्षे लोटली होती. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावेळी लोकमान्य टिळकांचा आक्षेप मुख्यतः असा होता की, परकीय सरकारने कायद्याने समाजसुधारणा लादू नये. सुधारणा आधी समाजात व्हावी की कायद्यात, हा आगरकर-टिळक वाद मराठी वाचकाला नवा नाही. २०२३ च्या सुनावणीत 'न्यायालय की संसद' या रूपात त्याचाच पुढला अंक झाला.

ही तुलना फार ताणू नये, असे विरोधक म्हणतात. विधवाविवाहात किंवा आंतरजातीय विवाहात स्त्री-पुरुष हे मूळ सूत्र अबाधित होते, येथे तेच बदलते, असा त्यांचा मुद्दा आहे. तो बिनतोड नसला तरी दखलपात्र आहे. समर्थकांचे उत्तर असे की, त्या त्या काळी जात किंवा स्त्रीचे अक्षतयोनित्व हेही विवाहाचे मूळ सूत्रच मानले जात होते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यासारख्या शास्त्रज्ञ पंडितांनी धर्म परिवर्तनशील असल्याचा सिद्धान्त शास्त्राधारेच मांडला होता. या प्रश्नावर तशा अधिकाराने बोलणारा पंडित आज मराठीत दिसत नाही.

मुंबई राज्याचा आणखी एक वारसा या वादात अप्रत्यक्षपणे उपस्थित असतो. १९४६ च्या द्विभार्याप्रतिबंधक कायद्यावरून झालेल्या नरसू अप्पा माळी खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १९५१ साली, असंहित व्यक्तिगत कायदे घटनेच्या कलम १३ मधील 'कायदा' या संज्ञेत येत नाहीत, असे म्हटले. धार्मिक विवाहनियमांना मूलभूत हक्कांच्या कसोटीपासून दूर ठेवणारा हा निर्णय अद्याप औपचारिकपणे रद्द झालेला नाही.

ठाणे व कल्याण-डोंबिवली

२०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महानगरपालिकेची लोकसंख्या सुमारे १८ लाख आणि कल्याण-डोंबिवलीची सुमारे १२ लाख होती. गिरगाव, दादर, लालबाग येथील चाळींतून निघालेल्या मराठी मध्यमवर्गाने ही उपनगरे घडवली. डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने सुरू केलेली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा राज्यभर अनुकरली गेली. रा. स्व. संघाच्या शाखांची परंपरा येथे जुनी आहे, तसेच नाट्यगृहे, ग्रंथालये व व्याख्यानमाला यांचीही. धर्मनिष्ठा आणि सुशिक्षितपणा यांचा येथे जो मेळ आहे, त्यामुळे या प्रश्नावरील प्रतिक्रिया एका साच्याच्या नसतात.

या भागात शास्त्रवचनाच्या आधाराने होणारा विरोध तुलनेने विरळा. बहुधा तो 'चारचौघांत काय सांगणार', 'धाकट्या बहिणीचे लग्न कसे जमणार', 'घराण्याचे नाव पुढे कोण नेणार' अशा रूपात येतो. धर्म येथे पोथीपेक्षा कुळाचारातून, पत्रिकेतून आणि वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जातून बोलतो. यावर घरोघरी सुचवला जाणारा जुना उपाय म्हणजे 'लग्न केले की सारे ठीक होईल'. या उपायाची किंमत मुलगा किंवा मुलगी देतेच, शिवाय काही ठाऊक नसताना त्या घरात आणलेली सून किंवा जावईही देतो. घटस्फोट वा विवाह रद्द करण्याच्या अर्जापर्यंत गोष्ट गेल्यावरच ती बाहेर येते. कुटुंबसंस्थेच्या रक्षणाचा मुद्दा मांडताना या दुसऱ्या व्यक्तीचा विचार क्वचितच होतो.

कायद्याची मान्यता नसल्याचा सर्वांत ठोस परिणाम येथे घरावर होतो. या शहरांत बहुतेक कुटुंबांची आयुष्याची कमाई एका सदनिकेत गुंतलेली असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी जे स्वतंत्र प्रकरण घातले गेले, त्यातील 'सहयोगी सदस्य' या संज्ञेत पती, पत्नी, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, जावई, सून, पुतणे-भाचे यांचा समावेश आहे. समलिंगी जोडीदार त्यांत बसत नाही. त्याला घरात कायदेशीर स्थान हवे असल्यास खरेदीखतातच संयुक्त नाव घालावे लागते. नामनिर्देशन करता येते, परंतु नामनिर्देशित व्यक्ती ही मालक ठरत नाही, ती वारसांसाठी विश्वस्तासारखी असते. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार घर आई-वडील, भावंडे वा त्यांच्या मुलांकडे जाते, आणि वीस वर्षे हप्ते वाटून भरलेला जोडीदार तेथे पाहुणा ठरतो. ठाणे-डोंबिवलीच्या जुन्या इमारतींतील पागडीच्या घरांबाबतही तेच आहे. भाडेकरू वारल्यास भाडेहक्क त्याच्याबरोबर राहणाऱ्या 'कुटुंबातील' व्यक्तीकडे जातो, आणि कुटुंब म्हणजे कोण हा प्रश्न पुन्हा तेथेच येऊन थांबतो.

मुद्रांक शुल्कातही भेद आहे. महाराष्ट्रात राहते घर पती, पत्नी, मुले वा नातवंडे यांना बक्षीसपत्राने दिल्यास मूळ मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये असते. जोडीदार कायद्याने परका असल्यास तेच घर देताना बाजारमूल्याच्या टक्केवारीने शुल्क भरावे लागते, आणि आजच्या किमतींनुसार ती रक्कम लाखांत जाते.

साहित्य आणि रंगभूमी

मराठीत या विषयाला तोंड फुटले ते र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातून (१९२७–१९५३). वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या स्पष्ट उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकाची नायिका सुमित्रा समलैंगिक आहे. रोहिणी हट्टंगडी यांनी ती भूमिका केली होती. पुढे रवी जाधव यांनी याच कथावस्तूवर 'मित्रा' हा लघुपट केला व त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' ही कादंबरी (२००६) पुण्यातील एका मराठी घरातील भाऊ व बहीण यांच्या निवेदनातून उलगडते. पुण्यातील समपथिक ट्रस्टचे संस्थापक बिंदुमाधव खिरे यांनी 'पार्टनर' ही कादंबरी व 'इंद्रधनू' हे माहितीपर पुस्तक लिहिले. मराठी माध्यमातून शिकलेल्या वाचकाला इंग्रजीचा आधार न घेता या विषयावर वाचता येऊ लागले, याचे श्रेय मोठ्या प्रमाणात खिरे यांना द्यावे लागेल.

विरोधाचे हिंसक रूपही महाराष्ट्राने पाहिले. दीपा मेहता यांच्या 'फायर' या चित्रपटाच्या खेळांवर डिसेंबर १९९८ मध्ये शिवसैनिकांनी मुंबईतील चित्रपटगृहांत घुसून मोडतोड केली.

समारंभ आणि राजकारण

कायदेशीर परिणाम नसला तरी समारंभ होत राहिले आहेत. यवतमाळ येथे २०१७ च्या अखेरीस तेथीलच एका परदेशस्थ अभियंत्याने आपल्या व्हिएतनामी जोडीदाराशी विवाह समारंभ केला. नागपुरात २०२१ च्या अखेरीस दोन महिला डॉक्टरांनी वाङ्निश्चयाचा सोहळा केला. दोन्ही घटना मुंबई-पुण्याबाहेरच्या, विदर्भातील आहेत. हा प्रश्न केवळ महानगरांतील अभिजनांचा आहे, हे म्हणणे त्या ताडून पाहण्यास उपयोगी पडतात. मुंबईत २०१५ साली एका आईने आपल्या समलैंगिक मुलासाठी वरसंशोधनाची जाहिरात दिली. तीत स्वजातीयास प्राधान्य असल्याचे म्हटल्याने समर्थकांतही वाद झाला. विवाह नवा असला तरी त्याच्या जाहिरातीची भाषा जुनीच होती.

राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाने ऑक्टोबर २०२० मध्ये राज्यात एलजीबीटी विभाग स्थापन केला. पक्षाच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ रोजी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे खाजगी विधेयक लोकसभेत मांडले. याउलट भाजपचे खासदार सुशीलकुमार मोदी यांनी १९ डिसेंबर २०२२ रोजी राज्यसभेत, दोन न्यायाधीशांनी बसून अशा सामाजिक प्रश्नाचा निर्णय करू नये, अशी भूमिका मांडली. खाजगी विधेयके सहसा संमत होत नाहीत. सुळे यांचेही झाले नाही.

निकालानंतरची स्थिती

२०२३ च्या निकालात दिलेल्या आश्वासनानुसार केंद्राने एप्रिल २०२४ मध्ये मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये काही स्पष्टीकरणे निघाली. समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडण्यास व एकमेकांना नामनिर्देशित करण्यास आडकाठी नाही, तसेच शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच कुटुंबातील मानावे, असे त्यांत म्हटले आहे. रुग्णालयातून जोडीदाराचा मृतदेह ताब्यात घेण्याबाबतही आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवले. शिधापत्रिकेवर कुटुंब आणि वारसाहक्कात परके, अशी ही अर्धी मान्यता आहे.

आशियात तैवानने २०१९ मध्ये व थायलंडने जानेवारी २०२५ मध्ये समलिंगी विवाहास कायदेशीर मान्यता दिली. नेपाळमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिली नोंदणी झाली. मुंबई उच्च न्यायालयात ऑगस्ट २०२५ मध्ये एका समलिंगी जोडप्याच्या याचिकेवर ॲटर्नी जनरलना नोटीस काढण्यात आली. पती-पत्नींनी एकमेकांना दिलेल्या भेटींवर प्राप्तिकर लागत नाही, जोडीदाराने दिलेल्या ५० हजार रुपयांवरील भेटींवर मात्र लागतो. प्राप्तिकर कायद्यातील या भेदास त्या याचिकेत आव्हान दिलेले आहे.